सिल्व्हर लार्कची दुसरी उडी

मिंट कॅन्यनच्या खोऱ्यातल्या निम्म्या चुली पडण्यावर पेटतात. कुणी घोड्यावरून पडतं, कुणी जिन्यावरून, कुणी पेटलेल्या गच्चीवरून. पडणारा एक असतो आणि सिनेमाच्या पडद्यावर तोंड दुसऱ्याचंच दिसतं. संध्याकाळी ही माणसं डोंगरउतारावरच्या घरी परत येतात, घोड्यांना गवत घालतात, दुखऱ्या जागेला बर्फाची पिशवी लावतात आणि ऊन टेकड्यांवरून ओसरेपर्यंत दाराशी खुर्ची टाकून बसतात. कोण कुठून पडलं याच्या गोष्टी चालतात. इथे माणसाची इभ्रत तेवढ्यावर ठरते.

वेल्डा बार्लो या खोऱ्यात लग्न करून आली. माहेर टेहाचपीचं, बाप घोड्यांना नाल ठोकणारा. घोडा लवकर समजला आणि घोड्यावरून पडणं त्याहून लवकर. अंगानं सडपातळ, बोलायला तुटक, आणि एकदा मान ताठ केली की वाकवणारा कुणी नाही. नवरा हॉइट बार्लो म्हणजे उंचावरून पडण्यात या भागातला पहिला माणूस. काटक, गप्पिष्ट, कंबर बाईसारखी बारीक. त्या कंबरेनंच पुढं सगळं केलं.

त्या काळी धंद्यात अशी चाल होती की नटीच्या जागी उंचावरून पडायचं असलं म्हणजे बारीक चणीचा पुरुष शोधायचा, त्याच्या पायांवरचे केस काढायचे, डोक्यावर केसांचा टोप चढवायचा आणि त्याला ढकलायचं. बायकांना घोड्यावर बसवत, जिन्यावरून लोळवत. पण उंची आली की टोप पुरुषाच्याच डोक्यावर जायचा. हॉइटनं अशा किती नट्यांच्या नावानं उड्या मारल्या असतील! मोज्यांनी पाय खाजतात ही त्याची कायमची तक्रार. वेल्डा म्हणायची, मग मला पाठव, मला सवय आहे मोज्यांची. हॉइट हसायचा. ती हसत नसे.

सिल्व्हर लार्क कोण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉमिकमधली सुपरहिरोईन ती. चंदेरी पोशाख, लालभडक केस. संकटात कुणी हाक मारली की गच्चीच्या कडेला पाठ करून उभी राहते, दोन्ही हात पसरते आणि हसत हसत मागच्या मागे स्वतःला सोडून देते. खाली येता येता वारा तिला झेलतो. बाकीचे नायक छाती काढून पुढं झेपावतात, ही मागे बघतही नाही. वेल्डानं लहानपणी ती पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली होती. तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. लार्कची उडी कधी पडद्यावर आलीच, तर ती बाईनं मारलेली असावी, आणि ती बाई आपण असावं.

लार्कला पडद्यावर आणायचे प्रयत्न इथे तीनदा झाले. मालिका करायच्या आधी चॅनेलवाले नमुन्याचा एक भाग करून घेतात, त्याला पायलट म्हणतात. वसंतात तो बनतो, मे महिन्यात मोठी माणसं अंधाऱ्या खोलीत तो बघतात, आणि आवडला नाही तर तो डब्यात जातो. डबा गोदामात जातो. पुन्हा कुणी त्याचं नाव काढत नाही.

पहिला पायलट सासष्ट सालचा. त्यात लार्क दिवसा कपड्यांच्या दुकानात विक्रेती असते आणि गिऱ्हाइकांच्या चोऱ्या पकडते. वेल्डानं उडी मागितली. स्टंटचं काम बघणाऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बाई, तुझ्या नवऱ्याला घरी बसवलं तर जेवण कोण देईल? उडी हॉइटनं मारली. चंदेरी पोशाखात, लाल टोपात. वेल्डानं त्याच्या पाठीची चेन लावून दिली होती. पायलट पडला, चॅनेलवाल्यांना तो पोरकट वाटला, आणि हॉइट घरी येऊन पाय खाजवत बसला. वेल्डा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बीन्स वाढताना एवढंच म्हणाली, "हसला नाहीस तू पडताना. लार्क हसते."

दुसरा पायलट त्र्याहत्तरचा. तोवर वारं थोडं फिरलं होतं. बायकांनी आवाज उठवायला सुरुवात केली होती. दिग्दर्शक होता क्रेन्शॉ नावाचा, घाईचा आणि घामट माणूस, पण त्यानं वेल्डाला घोड्यावर पाहिलं होतं आणि उडी तिला द्यायला कबूल झाला. उंची चार मजल्यांची. स्टुडिओच्या मागच्या आवारात शहराचा खोटा रस्ता उभा होता, त्यातल्या हॉटेलच्या गच्चीवरून पडायचं. विम्याची माणसं कुरकुरली. क्रेन्शॉनं ऐकल्यासारखं केलं आणि आपलं ठरवलेलं ठेवलं. मात्र सोय म्हणून हॉइटलाही बोलावलं, आणि लाल केसांचा एक टोप जास्तीचा बनवून ठेवला. वेल्डाच्या डोक्यावरही तसलाच टोप बसणार होता, कारण तिचे केस काळे.

आता खोक्यांचं सांगायला हवं. त्या काळी हवेच्या गाद्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि जुनी माणसं त्यांच्यावर भरवसा ठेवत नसत. पडायचं ते पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांवर. एकावर एक थर, वर गाद्या, सगळ्याला दोरीचा वेढा. पडणाऱ्याच्या अंगाखाली खोकी थराथरानं चेपत जातात आणि त्याला हळूहळू थांबवतात. यात सगळी मेख वजनाची. जड माणसासाठी खोकी खेटून रचायची, कोपरे शाबूत ठेवायचे. हलक्या माणसासाठी कोपरे कापायचे, मध्ये फटी सोडायच्या, म्हणजे हवा निघते आणि खोकं लगेच बसतं. जड माणसासाठी रचलेल्या खोक्यांवर हलका माणूस पडला तर खोकी चेपतच नाहीत. त्यांची फरशी होते. म्हणून खोऱ्यात रीत अशी की ज्यानं पडायचं त्यानं आपली खोकी आपण रचायची. त्यात दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

त्या दिवशी वेल्डाला रीत मोडावी लागली. मुख्य नटीच्या चेहऱ्याशी तिचा रंग जुळवायचा म्हणून मेकअपवाल्यांनी तिला दुपारभर खुर्चीवर बसवून ठेवलं. सूर्य हॉटेलमागे जायच्या आत उडी हवी होती, आणि तो रस्ता दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाला दिलेला होता. हॉइट आत येऊन म्हणाला, "तू बस निवांत, म्हातारे. मी रचतो." तो तिला लग्नाच्या दिवसापासून म्हातारे म्हणायचा. वेल्डानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दुसरा उपाय नव्हता.

पोशाख चढवून ती गच्चीवर गेली. खाली कॅमेरे लागले होते, माणसं बाहुल्यांएवढी. वारा नव्हता. उतरत्या उन्हानं सगळा खोटा रस्ता पितळेसारखा झाला होता. तिनं कडेला येऊन खाली पाहिलं, आणि तिला कळलं.

खोकी हॉइटच्या वजनाची होती. कडेला कडा खेटलेली, कोपरे शाबूत, वर गाद्यांचा नेहमीपेक्षा एक थर जास्त, आणि दोरी अशी आवळलेली की उधळलेला घोडा तिच्यानं बांधावा. हॉइटनं मुद्दाम केलं नव्हतं. बायको चार मजल्यांवरून पडणार म्हणून तो भ्याला होता. भ्यालेल्या हातानं तो घट्टच बांधत गेला, आणि हाताला सवय आपल्याच अंगाची. एरवी कुणा पोरानं हीच चूक केली असती तर हॉइटनंच त्याला रस्त्यावर आणलं असतं.

वेल्डा वरून ओरडली, "हॉइट, ही तुझी खोकी आहेत. माझी नाहीत."

खाली सगळे वर बघू लागले. क्रेन्शॉनं घड्याळ पाहिलं, सूर्य पाहिला, आणि कर्णा तोंडाला लावला. खोक्यांना काय झालंय? खोकी चांगली आहेत. भीती वाटत असेल तर तसं सांग, त्यात लाज कसली. बाजूच्या दिवेवाल्यांपैकी कुणी हसलं. वेल्डा कडेवर तशीच उभी राहिली. तिला ठाऊक होतं की या खोक्यांवर पडलं तर कणा राहत नाही, आणि नाही पडलं तर जन्मभर ऐकावं लागेल की वर गेली आणि घाबरली. पुन्हा कुणी बाईला गच्चीवर चढवणार नाही, तेही तिचंच नाव पुढे करून.

क्रेन्शॉ पोशाखवाल्या बाईकडे वळला. दुसरा टोप आला. तो त्यानं हॉइटच्या हातात दिला आणि वर बोट केलं. वरून ऐकू काही येत नव्हतं, पण अर्थ ऐकावा लागत नव्हता. खोकी हॉइटच्या मापाची, टोप हॉइटच्या हातात. आता त्यानं वर यायचं आणि तिनं खाली जायचं.

हॉइट टोप हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला. वेल्डाला वरून त्याच्या डोक्यावरचं वाटोळं टक्कल दिसत होतं, जे तो एरवी हॅटखाली लपवायचा. मग त्यानं टोप डोक्यावर घातला. नीट घातला, बटा खांद्यावर ओढून घेतल्या. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, वेल्डाला वाटलं, शेवटी उडी स्वतःच घेणार.

पण हॉइट जिन्याकडे आला नाही. क्रेन्शॉला काहीतरी सांगून तो खोक्यांवर चढला, दोरी सोडली आणि वरच्या गाद्या ओढून खाली फेकल्या. क्रेन्शॉला त्यानं सांगितलं होतं की एवढ्या उंचीला हे घट्ट झालंय, माझी हाडं आता पूर्वीची नाहीत, जरा सैल करतो. ते त्याला पटलं. त्याला खोक्यातलं काय कळणार होतं? पण हॉइटनं खिशातला चाकू काढला आणि एकेका खोक्याचा कोपरा कापायला घेतला. वरून वेल्डा ते बघत होती. कोपरा कापला, बोटाएवढी फट सोडली, पुढचं खोकं. कोपरा कापला, फट सोडली. ते त्याच्यासाठी नव्हतं. या मापाच्या खोक्यांतून तो थेट जमिनीला लागला असता. थरामागून थर तो तिचं वजन रचत होता, लाल केस डोळ्यांवर येत होते, ते फुंकरीनं उडवत होता, आणि खालचे सगळे त्याला हसत होते.

आणि तो सावकाश रचत होता. खोऱ्यात त्याच्याइतकं भरभर खोकी लावणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मात्र नव्या सुनेनं पहिल्यांदा भाकरी थापावी तसा तो एकेका खोक्याला हात लावत होता. क्रेन्शॉ घामानं निथळत ओरडत राहिला. सूर्य हॉटेलच्या खांद्यावर आला. शेवटची गादी पडली तेव्हा ऊन एका उडीपुरतं उरलं होतं, आणि हॉइटला चार जिने चढून पोशाख बदलायला लागणारा वेळ त्यात बसत नव्हता. क्रेन्शॉला हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं हॉइटला उद्देशून जे शब्द वापरले ते लिहिण्यासारखे नाहीत. मग त्यानं कॅमेरे सुरू केले.

हॉइटनं वर पाहिलं आणि हात उंच केला.

वेल्डानं कडेला पाठ केली. हात पसरले. पायाखालची कड सुटली तेव्हा तिला आभाळ दिसलं, जांभळट आणि स्वच्छ, आणि हॉटेलची कड त्यातून दूर दूर जाताना दिसली. ती हसली. मुद्दाम हसायची गरज पडली नाही. खोकी तिच्याखाली एकेक करून बसत गेली, जशी थकलेली गाय पाय दुमडून बसते, आणि ती मधोमध थांबली. वर हॉइटचं तोंड आलं. लाल केसांतलं.

"जिवंत आहेस?" तो म्हणाला.

"टोप काढ," ती म्हणाली. "भूत दिसतोस."

तो पायलटही पडला. त्यात लार्कबरोबर एक गुप्तहेर कुत्रा होता, आणि मे महिन्यात मोठ्या माणसांना ना लार्क आवडली ना कुत्रा. डबा गोदामात गेला. वेल्डाला त्याचं फार वाटलं नाही. पायलट पडतात. पुढं जे झालं ते मात्र तिला लागलं.

क्रेन्शॉनं वरच्या साहेबांना सांगताना उडी हॉइटची म्हणून सांगितली. विम्याच्या माणसांची त्यानं समजूत काढली नव्हती, त्यामुळे बाईचं नाव घेतलं असतं तर त्याचीच मान अडकली असती. आणि ज्यांनी त्या संध्याकाळी आवारातून जाता जाता पाहिलं होतं, त्यांना दिसला होता तो लाल टोप घालून खोक्यांवर धडपडणारा हॉइट. त्यांनी तो किस्सा जिथं जातील तिथं सांगितला. काही वर्षांत सगळ्या धंद्यात झालं की सिल्व्हर लार्कच्या दोन्ही उड्या हॉइट बार्लोच्या, आणि दुसरी तर त्यानं बायको घाबरली म्हणून मारली.

हॉइट शपथा घ्यायचा. लग्नात, मयतीत, घोड्यांच्या बाजारात, जिथं विषय निघेल तिथं सांगायचा की मी खाली होतो, उडी वेल्डाची. लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. बायकोची बाजू घ्यावी तर हॉइटनं, म्हणायचे. तो जितकं सांगायचा तितका तो भला ठरायचा आणि ती तितकी भित्री. म्हणून वेल्डानं त्याला एक दिवस बजावलं की आता तू तोंड उघडू नकोस. आणि स्वतः तर तिनं कधीच उघडलं नाही. स्वतःच्या उडीची साक्ष स्वतः देत फिरायची, हे तिच्या मानेला जमणारं नव्हतं. पुढं तिनं पुष्कळ कामं केली, घोड्यांची, गाड्यांची, एकदा बुडत्या जहाजाचं. पण चार मजल्यांवरून तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मग दोन हजार नऊ साली लार्कचा तिसरा पायलट निघाला. या खेपेला लार्क मनाच्या डॉक्टरीणबाईकडे जाऊन आपली दुखणी सांगणार होती. लार्कच्या नटीच्या जागी पडायचं, म्हणजे डबलचं, काम जोविटा अर्मेंडारिझ नावाच्या मुलीला मिळालं होतं, तिशीची, खांद्यानं मजबूत. आता धंद्यात टोप घातलेले पुरुष कुणी पाठवत नव्हतं. पण उडी संगणकावर करायची असं ठरत होतं. जोविटाला ती खरी करायची होती. तिचं म्हणणं वरच्यांना पटेना, म्हणून तिला कुणी सांगितलं, मिंट कॅन्यनला जा, म्हाताऱ्या हॉइट बार्लोला विचार मागच्या मागे कसं पडायचं ते.

ती आली तेव्हा हॉइट दाराशी बसला होता. गुडघे दोन्ही गेलेले, कान एक गेलेला. वेल्डा कॉफी घेऊन आली. जोविटानं कौतुकानं सांगितलं की मिस्टर बार्लो, तुमच्या लार्कच्या उडीची गोष्ट ऐकतच आम्ही शिकलो.

"पोरी, मी नव्हतो तो," हॉइट म्हणाला. "ही होती."

जोविटा गोड हसली. "तुम्ही असंच म्हणाल, हेही सगळ्यांनी सांगितलंय मला."

हॉइटनं वेल्डाकडे पाहिलं आणि ओठ मिटले, जणू सांगत होता की बघ, विषय मी नाही, तिनंच काढला. वेल्डानं कॉफीचा पेला खाली ठेवला. तिला त्या मुलीचा राग आला नव्हता. पण ही मुलगी अशाच एका उंचीवर उभी राहणार होती, आणि तिच्या डोक्यात ही उडी बाईची नसतेच असं बसलेलं होतं. ते घेऊन कडेवर उभं राहणं चांगलं नव्हे.

"ये माझ्याबरोबर," ती म्हणाली.

तबेल्यामागं रिकाम्या खोक्यांचा ढीग कायम असायचा, खोऱ्यात प्रत्येकाकडे असतो. वेल्डा खाली बसून रचू लागली. जोविटा मदतीला वाकली तर तिनं हात बाजूला केला. कोपरा कापला, फट सोडली. कोपरा कापला, फट सोडली. वर जुनी गादी टाकली, दोरी सैल बांधली. मग ती तबेल्याच्या माळ्यावर चढू लागली. हॉइट काठी टेकत कोपऱ्याशी आला होता. त्यानं तिला पाहिलं आणि त्याचा आवाज चिरकला.

"म्हातारे, पासष्टची झालीस तू. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"डॉक्टरनं तुला सांगितलंय," वेल्डा वरून म्हणाली.

तिनं माळ्याच्या कडेला पाठ केली. उंची फार नव्हती, पण कड ती कड. हात पसरले, हनुवटी छातीला लावली आणि स्वतःला सोडलं. जोविटानं तिचं तोंड पाहिलं. खोकी बसली. धूळ उडाली आणि उन्हात तरंगत राहिली.

वेल्डाला उठायला वेळ लागला. जोविटा तिला हात द्यायला आली. मग म्हणाली, "तुम्ही हसत होतात."

"त्याला हसता येत नाही पडताना," वेल्डा म्हणाली. "सासष्टचा पायलट मिळाला कुठं तर बघ. सगळी उडी बद्धकोष्ठ झाल्यासारखं तोंड."

हॉइट म्हणाला की ते खरं आहे, मोजे खाजत होते.

जोविटानं चेपलेली खोकी बाजूला ओढली आणि ढिगातून नवी काढायला लागली. कोपरा किती कापायचा, तिनं विचारलं. वेल्डानं तिला तिचं वजन विचारलं आणि बोटानं माप दाखवलं.

त्या वसंतात जोविटानं वरच्यांना पटवलं आणि क्रेनच्या टोकावरून उडी मारली, संगणकाशिवाय. मे महिन्यात तिसराही पायलट पडला आणि डबा गोदामात गेला. टीव्हीवर सिल्व्हर लार्क अजून एकदाही पडलेली नाही. मात्र मिंट कॅन्यनमध्ये संध्याकाळी खुर्च्या टाकल्या जातात तेव्हा आता असं सांगतात की उड्या तीन झाल्या, पहिली हॉइटची, दुसरी वेल्डाची, तिसरी जोविटाची. आणि दुसरीचं सांगताना कुणी चुकलं, तर जोविटा तिथं असली की ती त्याला मधेच थांबवते आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावते.